दोन भागीदार, चार सह्या

वाचकाचे पत्र

सादर नमस्कार. गोव्यातील डिचोली तालुक्यात मी आणि माझा शाळासोबती मिळून काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना चालवतो. म्हापशाला आमचे विक्रीचे दुकान आहे. ते माझी पत्नी सांभाळते. तिला पगार असा काही नाही. भागीदारीचा करार चौदा वर्षांपूर्वी हिशेबनीसाने आणून दिलेल्या नमुन्यावरून केला आणि फर्मची नोंदणी राहून गेली. कारखान्याची शेड भागीदाराच्या वडिलोपार्जित जमिनीत आहे. गेल्या एप्रिलमध्ये आमच्या परिचयातील एक व्यापारी हृदयविकाराने गेले. बँकेने त्यांच्या फर्मचे खाते थांबवले आणि बी घेऊन आलेले बागायतदार दारातून परत गेले. तेव्हापासून मनाला घोर लागला आहे. मला एकुलती एक मुलगी आहे. ती पुण्याला नोकरी करते आणि तिला या धंद्यात रस नाही. माझा पुतण्या मात्र नऊ वर्षे कारखान्यात राबतो आहे. माझ्या पश्चात माझा हिस्सा त्याला मिळावा अशी इच्छा आहे. काही ठेवींवर नॉमिनी म्हणून त्याचे नाव लावलेही आहे. भागीदाराची दोन्ही मुले शाळेत आहेत आणि त्याचा सावंतवाडीला एक फ्लॅट आहे. आमच्या करारात 'कोणत्याही भागीदाराच्या मृत्यूने ही भागीदारी संपुष्टात येणार नाही' असे कलम आहे. तेवढे पुरेसे आहे का? शिवाय मृत्युपत्र केले की काम झाले का? बायकांना यात आणले तर घरात नसते विषय निघतील, म्हणून आम्ही दोघांनीच वकिलाकडे जावे असा विचार आहे. योग्य ते सांगावे.

— एक वाचक, डिचोली

उत्तर

सप्रेम नमस्कार. ज्या कलमावर आपण विसंबून आहात, ते कलम आपल्या फर्मपुरते निरुपयोगी आहे, हे आधी सांगितले पाहिजे. १९३२ च्या भागीदारी कायद्याचे कलम ४२ असे सांगते की, भागीदारांमध्ये वेगळा करार नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. हा 'वेगळा करार' करण्याची मुभा आहे म्हणूनच ते वाक्य प्रत्येक छापील नमुन्यात आढळते आणि आपल्याही करारात आले. परंतु भागीदारीला किमान दोन माणसे लागतात. दोघांपैकी एक गेला की उरलेला एकटा कोणाशी भागीदारी करणार? सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली सेठ गोविंदराम शुगर मिल्सच्या प्रकरणात हे स्पष्ट केले आणि २०१० साली दुसऱ्या एका निकालात पुन्हा तेच सांगितले की, मृत्यूनंतर फर्म चालू ठेवण्याचे कलम दोनहून अधिक भागीदार असतील तरच उपयोगी पडते. फर्म दोघांचीच असेल तर करारात काहीही लिहिलेले असो, ती त्याच दिवशी संपते.

ती संपते म्हणजे नेमके काय होते, याचा अनुभव आपल्या परिचयातील त्या कुटुंबाने घेतलाच आहे. काजूच्या धंद्यात याची झळ इतर धंद्यांपेक्षा जास्त बसते, कारण वर्षभराचा कच्चा माल मार्च ते मे या तीन महिन्यांत भरून घ्यावा लागतो. एप्रिलच्या मध्यावर आपल्या गोदामाचे दार उघडले तर पोती आढ्याला भिडलेली असतील, कॅश क्रेडिटची, म्हणजे मालाच्या तारणावरील बँककर्जाची, मर्यादा जवळजवळ संपलेली असेल, तो सगळा माल बँकेकडे तारण असेल आणि गल्ल्यात रोकड नावापुरती असेल. अशा दिवशी भागीदार गेला तर बँक खात्यावरचे व्यवहार थांबवते. मयताची जबाबदारी कोणत्या तारखेपर्यंतची, हे तिला निश्चित करायचे असते. त्यात तिचा काही दुष्टावा नसतो. जीएसटीची नोंदणी, पॅन, अन्नपरवाना, म्हापशाच्या दुकानाचे भाडेपत्र हे सारे ज्या फर्मच्या नावावर आहे, ती फर्मच उरलेली नसते. त्यातच कलम ५३ प्रमाणे मयताचे वारस, फर्मचा हिशेब पूर्ण होईपर्यंत फर्मच्या नावाने धंदा करण्यास किंवा तिची मालमत्ता स्वतःच्या फायद्यासाठी वापरण्यास हयात भागीदाराला न्यायालयातून मनाई करून घेऊ शकतात. चौदा वर्षे ज्या नावाने आपण काजूगर विकलेत, ते नाव पाकिटावर छापणेही वादात सापडू शकते.

यावर उपाय सोपा आहे आणि तो आपल्या पत्रातच आहे. पुतण्याला मृत्यूनंतर हिस्सा देण्याचा विचार बाजूला ठेवून त्याला आजच तिसरा भागीदार करून घ्यावे. कलम ३१ प्रमाणे नवा भागीदार घेण्यास सर्वांची संमती लागते, म्हणजे आपल्या शाळासोबत्याचे मन वळवावे लागेल. आपल्या बाजूची दोन माणसे फर्ममध्ये आणि त्यांच्या बाजूचे एकच, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. त्यांची पत्नी तयार असेल तर तिलाही घ्यावे आणि मतांचे व नफ्याचे प्रमाण दोन्ही घरांत समसमान राहील असे करारात लिहावे. त्यांची मुले अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, असल्याने पूर्ण भागीदार होऊ शकत नाहीत. कलम ३० त्यांना फक्त फर्मच्या लाभात सामील होऊ देते आणि सज्ञान झाल्यावर, भागीदार व्हायचे की नाही, हे ठरवण्यास सहा महिने देते.

पुतण्याच्या बाबतीत एक पथ्य पाळावे. त्याला हिस्सा फुकट देऊ नये. नऊ वर्षांच्या कामाची काही थकबाकी त्याच्या नावे निघत असेल तर ती, नाहीतर त्याची बचत, कर्ज, जे काही असेल ते भांडवल म्हणून बँकेमार्फत फर्ममध्ये यावे आणि वहीत दिसावे. गोव्यात हयातीत दिलेली बक्षिसेही पुढे वारसांसाठी कायद्याने राखून ठेवलेल्या हिश्श्याच्या हिशेबात ओढली जातात. आज पोटाशी धरून दिलेला हिस्सा उद्या आपल्याच मुलीच्या वकिलाला प्रश्नचिन्ह लावण्याजोगा वाटू नये.

भागीदार वाढले की जबाबदारीही वाढते, हे घरात उघडपणे सांगावे. कलम २५ प्रमाणे प्रत्येक भागीदार फर्मच्या संपूर्ण देण्याला एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही बांधलेला असतो; दहा टक्क्यांचा भागीदार दहा टक्के कर्जाला बांधील, असे नसते. हे ओझे नको असेल तर २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, हा मार्ग आहे आणि चालू फर्मचे तीत रूपांतर करता येते. एलएलपीला स्वतःचे कायदेशीर अस्तित्व असते, त्यामुळे भागीदाराच्या मृत्यूने ती संपत नाही. एकच भागीदार उरला तरी दुसरा शोधण्यास सहा महिने मिळतात. त्यानंतर मात्र जाणूनबुजून एकट्याने धंदा चालू ठेवला तर त्या काळातील देणे त्याच्या अंगावर येते. दरवर्षी दोन विवरणपत्रे भरावी लागतात आणि उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेले की लेखापरीक्षण सक्तीचे होते. पण बँक एलएलपीच्या भागीदारांकडूनही व्यक्तिगत हमी घेतेच, तेव्हा 'मर्यादित' या शब्दाने फार हुरळून जाऊ नये. आपल्या आकाराच्या कारखान्याला सध्या तीन किंवा चार भागीदारांची नोंदणीकृत फर्म पुरेशी आहे, असे माझे मत आहे. निर्यातीचा विचार असेल किंवा मोठे कर्ज काढायचे असेल तर एलएलपी.

आता बायकांना यात आणण्याविषयी. त्यांना आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण त्या आधीपासूनच यात आहेत. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली आणि विवाहातील मालमत्तेपुरती ती आजही लागू आहे; हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सर्वांना. विवाहापूर्वी नोटरीपुढे वेगळा करार केलेला नसेल, आणि आपल्या पिढीतील शंभरातल्या नव्वद घरांत तो केलेला नसतो, तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक होते आणि प्रत्येकाचा अर्धा वाटा असतो. आपल्या फर्ममधील हिश्श्याची किंमत या समाईक मालमत्तेत मोडते. म्हणजे कराराच्या कागदावर दोन नावे असली तरी त्या पैशाचे मालक चौघे आहेत. भागीदारी ही करारातून जन्मते, नात्यातून नव्हे, त्यामुळे पत्नी आपोआप भागीदार होत नाही, तिला कारखान्याच्या कारभारात बोलण्याचा हक्क मिळत नाही. पण हिश्श्याच्या किमतीवर तिचा हक्क असतो. घटस्फोट झाला किंवा दोघांपैकी एकाचे निधन झाले की ती किंमत काढून अर्धी करावी लागते. तेव्हा दोन्ही पत्नींना बाहेर बसवून केलेला करार म्हणजे चारांपैकी दोन मालकांच्या गैरहजेरीत झालेला व्यवहार होय.

भागीदाराच्या पत्नीचे माहेर सावंतवाडीकडचे असेल आणि लग्नाच्या सह्या गोव्यातील नागरी निबंधकापुढे झाल्या नसतील, तर त्यांना कोणती मालमत्ता पद्धत लागू होते हे वकिलाकडून आधी तपासून घ्यावे. नोंदणी महाराष्ट्रात झाली एवढ्यावरून त्याचा निकाल लागत नाही.

मृत्युपत्राचाही असाच घोटाळा होतो, कारण आपण महाराष्ट्रातील नातेवाइकांचे ऐकून 'माझे मी कोणालाही देईन' असे गृहीत धरतो. गोव्यात वारसाहक्काला २०१२ चा गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा लागू आहे, जो प्रत्यक्षात २०१६ पासून अमलात आला. त्याप्रमाणे मूलबाळ असलेल्या माणसाला स्वतःच्या मालमत्तेपैकी फक्त अर्ध्या भागाची मृत्युपत्राने हवी तशी वाट लावता येते. उरलेला अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो. आकडे घेऊन पाहू. समजा, आपले राहते घर ४० लाखांचे आणि फर्ममधील हिस्सा ६० लाखांचा, मिळून एक कोटी. त्यातले ५० लाख आपल्या पत्नीचे. ते वारसा म्हणून नव्हे, तिच्या स्वतःच्या मालकीचे. उरलेल्या ५० लाखांपैकी २५ लाख मुलीसाठी राखीव. पुतण्याला देण्यासारखे आपल्या हातात २५ लाखच उरतात. 'माझा फर्ममधील संपूर्ण हिस्सा पुतण्याला' असे मृत्युपत्रात लिहिले तर ते ६० लाखांचे दान ठरते आणि आपल्यामागे तुमच्याच तीन जिवलगांना एकमेकांसमोर उभे करते.

पण हेच आकडे नीट मांडले तर सगळ्यांचे भागतेही. मुलीला घरातून २५ लाखांचा वाटा, पत्नीला घरातील उरलेले १५ लाख आणि फर्ममधील ३५ लाख, पुतण्याला फर्ममधील २५ लाख. पत्नीच्या वाट्याचे ३५ लाख पुतण्याने किंवा फर्मने काही वर्षांत हप्त्याने फेडायचे, अशी तरतूद भागीदारीच्या करारात असली की कारखाना कारखान्याच्या माणसाकडे राहतो, मुलीला राखीव वाटा मिळतो आणि पत्नीला म्हातारपणी दरमहा पैसा येत राहतो. यासाठी आपले मृत्युपत्र, पत्नीचे मृत्युपत्र आणि फर्मचा करार या तीन कागदांत एकमेकांशी विसंगत असे काही असता कामा नये. समाईक मालमत्तेतील एखादी नेमकी वस्तू एकट्याच्या मृत्युपत्रात देऊन टाकण्यापेक्षा हिस्सा किंवा रक्कम लिहिणे सुरक्षित. मृत्युपत्र विशेष नोटरीपुढे, म्हणजे याच कायद्याखालील अधिकाऱ्यापुढे, जाऊनच करावे. घरी वहीच्या कागदावर लिहून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्यायची महाराष्ट्रातली पद्धत इथे चालेल, या भरवशावर राहू नये.

ठेवींवर पुतण्याचे नाव नॉमिनी म्हणून लावल्याने तो मालक होत नाही. नॉमिनी पैसे हातात घेतो आणि ते खऱ्या वारसांसाठी सांभाळतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात हेच सांगितले आहे. पुतण्याला ते पैसे द्यायचेच असतील तर ते वरच्या २५ लाखांच्या हिशेबात धरावे लागतील. फर्मच्या चालू खात्याला तर नॉमिनीची सोयच नसते.

सावंतवाडीचा फ्लॅट 'महाराष्ट्रातला, तो वेगळा' असे आपल्या भागीदाराला वाटत असणार. गोव्याचे अधिवासी असलेल्यांच्या भारतात कोठेही असलेल्या मालमत्तेला गोव्याचाच वारसा कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जुझे पावलो कुतिन्हो प्रकरणात ठरवले. तेव्हा तोही त्यांच्या एकूण बेरजेत येईल.

आता मी ज्याला सर्वांत जास्त वेळ देण्याचा आग्रह धरीन तो मुद्दा: हिश्श्याची किंमत कशी काढायची. बहुतेक करारांत 'भागीदाराच्या निधनानंतर त्याच्या वारसांना हिशेब करून रक्कम देण्यात यावी' एवढे एकच वाक्य असते, आणि मोडलेल्या फर्मची बहुतेक भांडणे त्या 'हिशेब करून'मध्ये जन्मतात. कोणत्या तारखेचा हिशेब? आपल्या धंद्यात ३१ मार्चचा ताळेबंद फसवा असतो, कारण तेव्हा हंगाम अर्ध्यावर असतो. निम्मे बी यायचे असते, कर्ज चढत असते आणि पुढे काजूगराला काय भाव मिळेल हे कोणालाच ठाऊक नसते. एप्रिलमधल्या मृत्यूचा हिशेब त्या दिवशीच्या खरेदी भावाने केला तर एक आकडा येतो. तेच बी भाजून, फोडून, सोलून, प्रतवारी करून दिवाळीला विकले तर दुसराच येतो. विधवा म्हणेल दिवाळीचा भाव धरा, हयात भागीदार म्हणेल खरेदीचा. दोघेही खरे बोलत असतील.

यावर एक व्यवहार्य तोड अशी की, हंगाम संपल्यावरची एक तारीख, समजा ३० जून, मूल्यांकनासाठी ठरवून टाकावी आणि मृत्यू केव्हाही झाला तरी त्याच्या नंतर येणाऱ्या त्या तारखेचा हिशेब धरावा. मालाची किंमत खरेदी भाव अधिक प्रक्रियेचा खर्च याप्रमाणे. यंत्रसामग्रीची, म्हणजे बॉयलर, कटिंग मशीन, बोर्मा (गर सुकवण्याची भट्टी) यांची किंमत वहीतील घसारा वजा जाता उरलेल्या आकड्याने नव्हे, तर बाजारभावाने. चौदा वर्षांनी वहीत बोर्म्याची किंमत जवळजवळ काहीच उरलेली नसते, पण तो रोज चालतो. नावाची किंमत, ज्याला व्यापारी गुडविल म्हणतात, ती धरायची की नाही आणि धरायची तर गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किती पट, हेही आजच लिहावे. आज दोघांपैकी कोण आधी जाणार हे कोणालाच माहीत नाही, म्हणून आज दोघेही न्यायाने बोलतील. दर दोन वर्षांनी पावसाळ्यात दोघांनी बसून किमतीचा एक आकडा वहीत लिहून चौघांच्या सह्या घ्याव्यात; पुढे वाद झाला तर मध्यस्थाच्या हाती निदान एक आधार असतो.

रक्कम ठरली तरी ती एका दमात देणे फर्मला झेपणार नाही. म्हणून तीन किंवा चार वर्षांचे हप्ते, त्यावर व्याजाचा ठरलेला दर आणि हप्ता देण्याची वेळ हंगामाच्या बाहेर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. करारात काहीच लिहिले नसेल आणि हिशेब न करता धंदा पुढे चालला, तर कलम ३७ प्रमाणे मयताचे वारस त्यांच्या हिश्श्याच्या वापरातून झालेला नफा किंवा वर्षाला सहा टक्के व्याज, यांपैकी जे त्यांना पसंत असेल ते मागू शकतात. पहिल्या हप्त्यासाठी फर्मने दोन्ही भागीदारांच्या आयुष्याचा मुदत विमा काढावा आणि त्या रकमेचा विनियोग करारात लिहावा. विम्याचा हप्ता ही फर्मची उधळपट्टी आहे असे आपला हिशेबनीस म्हणेल. म्हणू द्यावे.

मृत्यूपेक्षा लांबलेले आजारपण अधिक कठीण असते आणि त्याचा विचार क्वचितच होतो. अर्धांगवायूने भागीदार सहा महिने अंथरुणावर असेल तर सही कोण करणार? मुखत्यारपत्र दिले की झाले, असा एक समज आहे. पण मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली किंवा त्याचे निधन झाले की ते संपते, म्हणजे नेमके गरजेच्या वेळी त्याचा कागदच उरतो. त्यामुळे बँकेतील सह्यांचा अधिकार आधीच तिसऱ्या भागीदाराला देऊन ठेवावा आणि आजारी भागीदाराला किती महिने पूर्ण मानधन, किती महिने अर्धे, त्यानंतर काय, हे करारात स्पष्ट असावे.

शेडच्या जमिनीची मला खरी चिंता वाटते. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर आज कोणाकोणाची नावे आहेत ते काढून पाहावे. भागीदाराचे वडील, काका, त्यांच्यापैकी हयात नसलेल्यांचे वारस अशी यादी निघाली तर नवल नाही. फर्मचा त्या जागेवरचा हक्क केवळ मैत्रीवर उभा आहे. भागीदारानंतर त्यांचे भाऊ जागा रिकामी मागू लागले तर बॉयलर आणि बोर्मा उचलून नेणार कोठे? सर्व सहमालकांकडून, आणि गोव्याच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या जोडीदारांच्या सह्यांसह, नोंदणीकृत भाडेपत्र करून घ्यावे. एका वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी कायद्यानेच आवश्यक आहे. भाडे वाजवी द्यावे. फुकटच्या जागेला कागद मिळत नाही. वडिलांच्या नावे असलेल्या उताऱ्यासाठी आधी वारसांचा निकाल लागावा लागेल. वाद नसेल तर विशेष नोटरीपुढे हेअरशिप डीड करून आणि वाटण्या करायच्या असतील तर न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी आणि वाटणीची कार्यवाही, करून. ते काम आज सुरू केले तरी लगेच होणारे नाही.

फर्मची नोंदणी मात्र विनाविलंब करावी. नोंदणी नसलेल्या फर्मला कलम ६९ प्रमाणे करारातून निघणाऱ्या हक्कासाठी बाहेरच्या कोणाविरुद्ध दावा लावता येत नाही. कळंगुटच्या एखाद्या हॉटेलाने उधारी बुडवली तर आपण फक्त फोन करत राहणार. नोंदणी केव्हाही करता येते, पण ती दावा लावण्याआधी झालेली असावी लागते. पुतण्या भागीदार झाला की नव्या रचनेचीच नोंदणी करावी, म्हणजे काम दोनदा होणार नाही.

म्हापशाच्या दुकानातील आपल्या पत्नीच्या कामाबद्दल आपण पत्रात एकच वाक्य लिहिले आहे. तिला एकतर रीतसर पगार द्यावा किंवा भागीदार करून मानधन द्यावे. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ५अ प्रमाणे समाईक मालमत्तेची पद्धत लागू असलेल्या गोव्यातील दांपत्याचे पगाराखेरीजचे उत्पन्न दोघांत अर्धे-अर्धे विभागून दाखवायचे असते. भागीदाराला फर्मकडून मिळणारे मानधन कराच्या दृष्टीने पगारात मोडत नाही, ते धंद्याचे उत्पन्न ठरते, म्हणून तेही विभागले जाते. आपले विवरणपत्र आजवर एकट्याच्या नावाने जात असेल तर सीएला हा प्रश्न जरूर विचारावा. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा बोट क्रमांकावर नव्हे, तत्त्वावर ठेवावे.

आता घरातील चर्चेविषयी. नसते विषय निघतील ही आपली भीती रास्त आहे, पण ते विषय आज जेवणाच्या टेबलावर निघालेले परवडतात. तेराव्यानंतर निघालेले परवडत नाहीत. चौघांनी आणि पुतण्याने एकत्र बसावे. मुलीला पुण्याहून बोलवावे किंवा फोनवर घ्यावे. राखीव वाटा तिचा आहे, तिला तो बातमीसारखा नंतर कळू नये. मसुदा तयार झाला की दोन्ही पत्नींनी तो आपल्या आपल्या विश्वासातल्या वकिलाकडून स्वतंत्रपणे वाचून घ्यावा; फर्मचा वकील त्यांचा वकील नसतो. मूल्यांकनाची पद्धत आणि हप्त्यांची तरतूद मान्य असल्याबद्दल त्यांच्या सह्या करारासोबतच्या जोडपत्रावर घ्याव्यात. 'साक्षीदार' म्हणून खाली कोपऱ्यात नव्हे, संमती देणाऱ्या पक्ष म्हणून. लवादाचे कलम घालताना लवाद म्हणून दोघांच्या ओळखीच्या एखाद्या ज्येष्ठ व्यापाऱ्याचे नाव घालण्याचा मोह होईल. तो आपल्याआधीही जाऊ शकतो, म्हणून नावाऐवजी नेमणुकीची रीत लिहावी.

वकिलाकडे पहिल्यांदा जाताना विवाहाचे दाखले, जुना करार, एक-चौदाचा उतारा, दुकानाचे भाडेपत्र, बँकेचे मंजुरीपत्र आणि त्यासोबत दिलेल्या हमीपत्रांच्या प्रती, तीन वर्षांचे ताळेबंद आणि सावंतवाडीच्या फ्लॅटचे कागद एकाच फाइलमध्ये न्यावेत. हमीपत्रे विसरू नका. आपल्या पत्नीने कधी कशावर सही केली आहे, हे अनेकदा तिलाही आठवत नाही. सीए आणि वकील यांना एकदा तरी समोरासमोर बसवावे, नाहीतर करातली सोय आणि वारशातली सोय एकमेकांना छेद देतात. नवा करार आणि नोंदणी फेब्रुवारीअखेर पुरी व्हावी, मृत्युपत्रे त्याच आठवड्यात; एकदा मार्चमध्ये बी यायला लागले की आपल्यालाही वेळ नसेल आणि बँकेच्या शाखेलाही.